वेखंड लावलेलं वासरू

माझी माय कोणत्याही दुखण्यावर वेखंड लावायची. पोराला शिंक आली, लाव वेखंड. पोट फुगलं, लाव वेखंड. नजर लागली असेल अशी नुसती शंका आली, तरी वेखंडाचं बोट टाळूवर टेकलंच. चुलीजवळच्या कोनाड्यात वस्त्रगाळ पुडीचा डबा कायम भरलेला असायचा, आणि आमच्या घरच्या प्रत्येक तान्ह्या पोराच्या डोक्याला तो उग्र, नाकात चढणारा वास यायचाच. इतर बायकांना त्या वासानं बाळंतपण आठवतं. मला मूर्तिजापूरचं स्टेशन आठवतं आणि अजूनही छातीत धडधडतं.

मी जन्माची काळजीखोर. आमचे हे म्हणायचे, "तुला काळजी करायला काही उरलं नाही, तर तू त्याचीच काळजी करत बसशील." म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या वर्षी काळजीसाठी मला लांब जावं लागलं नाही.

लढाईचे दिवस होते. हे अमरावतीला एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. माझं माहेर पातूरहून अकोल्याला येणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. बाबांचा लहानसा मळा होता. वांगी, मेथी, थोडी शेवंती, असा माल बैलगाडीनं अकोल्याच्या बाजारात जायचा. मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आले होते. पहिला मुलगा होता, तो गेला. त्यालाही मी असंच माहेराहून, अशाच थंडीत, आगगाडीनं अमरावतीला नेलं होतं. गाडीत त्याला गारठा बाधला. घरी पोचेपर्यंत छाती भरली आणि त्यानं पुरता आठवडाही काढला नाही.

त्या दिवशी निघायच्या गडबडीत त्याच्या छातीला वेखंड लावायचं राहून गेलं होतं. डॉक्टरनं काहीही सांगितलं असतं तरी मायला ते पटणारं नव्हतं. तिच्या मनानं एकदाच निकाल देऊन टाकला होता. भाकरी थापताना, मेथीच्या जुड्या बांधताना, मध्येच तिचा हात थांबायचा आणि ती म्हणायची, "माह्याकून राहून गेलं." कोणी काही विचारलेलं नसायचं. बाबा आधी आधी समजूत घालायचे. मग त्यांनी तेही सोडलं. ते नुसते उठून बाहेर जायचे.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. ती महिन्याची होते न होते तोच मला हिवतापानं गाठलं, आणि ताप उतरला तेव्हा माझं दूध आटलेलं होतं. विलायती दुधाच्या भुकटीचे डबे लढाईपायी बाजारातून गायब झाले होते. शेजारच्या म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, तर पोरीला हगवण लागली. शेळीचंही पचेना. अंगी लागलं ते एका लाल गायीचं. आमच्या गोठ्यातली ती गावरान गाय, त्याच दिवसांत नुकतीच व्यालेली. तिचं दूध बोंडल्यानं पाजायला लागलो आणि पोरीच्या मांड्यांना वळ्या दिसायला लागल्या.

पण मला अमरावतीला परत जायचं होतं. तिकडचा गवळी दुधात किती पाणी घालायचा हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि जेवता जेवता सांगून टाकलं, "गाय पोरीसंगं जाईन."

गाय जाणार म्हणजे वासरू जाणार. आमच्याकडची गावरान गाय वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. वासरानं ढुसण्या मारल्या, चार घोट ओढले, की मग ती दूध खाली उतरवते. वासरू मेलं की गाय पान्हा चोरते आणि चार दिवसांत आटते. काही लोक मेलेल्या वासराच्या कातड्यात कुटार, म्हणजे भुसा, भरून ते गायीपुढे उभं करतात. बाबांना ते बघवत नसे. म्हणजे गोष्ट सरळ होती. वासरू जगलं तर गाय दूध देणार, आणि गायीनं दूध दिलं तर माझी पोरगी जगणार. आणि ते वासरू एवढंसं होतं की नाळ नुकतीच वाळून पडली होती. चारही पाय अजून एकमेकांना नीट ओळखत नव्हते.

अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाय-वासरू मालगाडीनं न्यायचं ठरलं. जनावरांबरोबर एका माणसाला बसू देत, म्हणून मालगाडीच्या डब्यात, वाघिणीत, बाबा बसणार होते. मी, पोरगी आणि मला न्यायला आलेले हे, आम्ही मागून पॅसेंजरनं येणार. बडनेऱ्याला सगळ्यांनी भेटायचं आणि तिथून अमरावती. मला त्या आठवड्यात झोप नव्हती. मी बाबांना सतरा वेळा विचारलं, डबा हलेल तेव्हा वासरू पडलं तर? गायीचा पाय त्याच्यावर पडला तर? थंडी वाजली तर? बाबा म्हणाले, "मी काय तिथं निजाले चाललो काय?"

निघायच्या दिवशी उजाडायच्या आधी बाबांनी वासराला पोटभर पाजलं. पोरीसाठी दूध काढून, तापवून, झाकणाच्या लोट्यात भरलं. मी पोरीला गुंडाळत होते, तेवढ्यात गोठ्याकडून तो वास आला. जाऊन बघते तर माय वासराजवळ बसली होती. मोठ्या वाटीत कोमट तेलात वेखंड कालवलं होतं, आणि ती दोन्ही हातांनी वासराला ते चोळत होती. कानापासून शेपटीपर्यंत. पाठ, पोट, मान, काहीच सोडलं नव्हतं. वासराला मजा वाटत होती, ते तिचं कोपर चाटत होतं.

"अवं, वासराले कायले लावतं वेखंड?" बाबा म्हणाले.

"लेकराले लावतो, तर वासराले काहून नाई?" माय वर न बघता बोलली. "आगगाडीत गारठा लय असते. मले माईत हाय."

  त्या बाईच्या हातातून ती वाटी काढून घ्यायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. तिनं उरलेलं वेखंड पोरीच्या छातीला, पाठीला, टाळूला लावलं. मग वासराला जुन्या वाकळेत गुंडाळून स्वतः बैलगाडीत उचलून ठेवलं. गाय गाडीमागं बांधली. माय वेशीपर्यंत चालत आली. ती रडली नाही, फक्त दोन-तीनदा म्हणाली, "या खेपेले सगळं लावलं हाय."

अकोल्याच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठींचे डोंगर लागले होते. आमच्या वाघिणीत बाबांनी तुरीचं कुटार पसरलं, गाय एका टोकाला बांधली आणि दुसऱ्या टोकाला गवताचे भारे रचून वासरासाठी आडोसा केला, म्हणजे धक्का बसला तरी ते गायीच्या पायाखाली जाऊ नये. पाण्याची घागर कोपऱ्यात अडकवली. ह्यांनी उगाचच दाराची कडी हलवून पाहिली. मालगाडी निघाली तेव्हा गाय एकदा हंबरली. मी ह्यांना म्हटलं, "ती काहून हंबरली?" हे म्हणाले, "गाय आहे म्हणून." मला राग आला.

आमची पॅसेंजर बरीच उशिरा आली. डब्यात बसल्यावर मी पोरीला दूध पाजायला लोटा उघडला, तर दूध नासलेलं. गाडीच्या हेलकाव्यानं म्हणा, लोटा कलईला आला होता म्हणून म्हणा, दुधाचं पाणी पाणी झालं होतं. पोरगी भुकेली होती. मी तिला साखरेच्या पाण्याचं बोट चाटवलं. ती दोन क्षण गप्प बसली आणि मग तिनं जो सूर लावला, तो सोडलाच नाही. डब्यातल्या बायका मला तऱ्हेतऱ्हेचे उपाय सांगायला लागल्या. एकीनं विचारलं, "तुमचं दूध नाही का येत?" तिला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

माझं सगळं लक्ष बडनेऱ्याकडे होतं. मालगाडी आमच्या आधी पोचली असेल. बाबांनी गायीला चारा टाकला असेल. उतरल्या उतरल्या गाय पिळायची आणि पोरीला ताजं दूध पाजायचं. मी हेच घोकत होते. आणि मूर्तिजापूर आलं.

गाडी थांबली तशी मला बाजूच्या रुळावर मालगाडी दिसली. कापसाच्या हंगामात आणि त्यातून लढाईच्या दिवसांत मालगाडीला कोण विचारतो? फौजेची गाडी यायची होती, तिला वाट करून द्यायला आमची मालगाडी केव्हाची बाजूला लावून ठेवली होती. वाघिणीचं दार उघडं होतं आणि बाबा खाली खडीवर उकिडवे बसले होते. दोन्ही हात डोक्यावर. बाबांना तसं बसलेलं मी एकदाच पाहिलं होतं, आमचा मुलगा गेल्याचं कळून ते अमरावतीला आले तेव्हा.

मी पोरीला घेऊन उतरले. हे मागून ओरडत होते, "अगं, अगं, तिकीट बडनेऱ्याचं आहे!" मी ऐकलं नाही. मग बिचाऱ्यांनी खिडकीतून एकेक बोचकं खाली टाकायला सुरुवात केली. शेवटचं बोचकं आणि हे स्वतः खाली आले आणि गाडी हलली. मायनं दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र फळीवरच राहिला आणि नागपूरकडे निघून गेला. पुढे कित्येक वर्षं कुठेही लाडू दिसला की ह्यांना तो डबा आठवायचा.

"बाबा, काय झालं?"

"घेत नाई वो, गाय," बाबा म्हणाले.  "जवळ घेतच नाई त्याले. तीनदा नेलं. शिंगं मारते. पराई झाली ती."

मी पोरीला ह्यांच्याकडे दिलं आणि वाघिणीत चढले. वासरू आडोशाला कुटारात पडलेलं होतं. मान मागे टाकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. नाक कोरडं. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. पहाटे ज्यानं मायचं कोपर चाटून काढलं होतं, त्या वासराची जीभ बोटाभोवती नुसती पडून राहिली. आतून तोंड गार लागलं. इतक्या कोवळ्या वासराला थोड्या थोड्या वेळानं आईचं दूध लागतं, आणि याच्या पोटात पहाटेपासून काही नव्हतं. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ते उठत होतं आणि घसरून पडत होतं, असं बाबांनी सांगितलं. गुडघे सोलले होते. आणि चार हातांवर त्याची आई उभी होती. कास तट्ट भरलेली, सड ताणलेले, आणि ती हंबरत होती. ती वासरासाठीच हंबरत होती. वासरू समोर होतं आणि ती दाराबाहेर बघून त्याला हाका मारत होती.

बाबांनी वासराला उचलून पुन्हा तिच्याजवळ नेलं. तिनं हुंगलं, फुर्रकन नाक उडवलं आणि शिंगानं त्याला ढकललं. बाबांनी मध्ये हात घातला म्हणून बरं. तिला पिळून पाहिलं तर तिनं लाथ झाडली. दूध वर चढवून धरलं होतं. दोन थेंब आले, बस.

"दृष्ट लागली असन," बाबा म्हणाले. "नाई तर गाडीले भेली. आता हे काई वाचत नाई."

खाली ह्यांच्या हातात पोरगी किंचाळत होती. मी दारातून वाकून तिला वर घेतलं. उरावर धरलं, तिच्या टाळूवर गाल टेकवला आणि रडायला लागले. खोटं कशाला बोलू, मी मोठ्यानं रडले. सगळं पुन्हा तसंच चाललं आहे, तीच आगगाडी, तीच थंडी, हेच मला वाटत होतं. माझा एक हात पोरीच्या पाठीवर होता आणि दुसरा वासराच्या मानेवर. मी नाक पुसायला हात वर नेला, वासराच्या मानेवरचा. आणि माझं रडू थांबलं.

माझ्या हाताला पोरीचा वास येत होता.

मी पुन्हा पोरीची टाळू हुंगली. मग वासराची मान. दोन्हीकडे वेखंड. वासराच्या अंगाला वासराचा वास नव्हताच. गाय पोराला डोळ्यांनी ओळखत नाही, नाकानं ओळखते, हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण सकाळपासून बाबांच्याही ध्यानात आलं नव्हतं, कारण त्या वासाला आमची नाकं मेलेली होती. आमच्या घरात लेकराला तोच वास यायचा. गायीला मात्र एक अनोळखी पोर तिच्या कासेला लावू पाहत होतं, आणि तिचं स्वतःचं कुठं गेलं हे तिला कळत नव्हतं.

"बाबा, वेखंड," मी म्हटलं. "ते वेखंड धुऊन काढा पयले."

 बाबांनी कपाळावर हात मारला, आणि घागरीला हात घातला. घागरीत तळाशी पाणी उरलं होतं. ह्यांना मी म्हटलं, "पाणी आणा, काईही करून आणा." हे एरवी भिडस्त माणूस, दुकानदाराला सुट्टे पैसे मागायला लाजणारे. ते रूळ ओलांडून पळत गेले आणि स्टेशनातल्या आगीच्या लाल बादल्यांपैकी एक घेऊन आले. मागून एक हमाल ओरडत येत होता. त्यानं वाघिणीत डोकावून पाहिलं, वासराकडे पाहिलं, आणि दुसरी बादली तो स्वतः घेऊन आला.

पोरीला वाकळेवर निजवून आम्ही वासराला दारातल्या उन्हात ओढलं. तेलात कालवलेलं वेखंड पाण्यानं जाता जाईना. मी कुटार घेऊन घासलं. माझं एक धुतलेलं लुगडं बोचक्यातून काढून त्यानं पुसलं. बाबांना भीती, पाण्यानं ते आणखी गारठेल. मला भीती, फौजेची गाडी येऊन जाईल आणि आमची हलेल. वास कमी झाला, पण गेला नाही. मग बाबांनी गायीखालचं ताजं शेण आणि गोमूत्रात भिजलेलं कुटार उचललं आणि वासराच्या पाठीवर थापलं. मीही दोन्ही हातांनी थापलं. जिथं जिथं मायचे हात फिरले होते, तिथं तिथं मी शेण चोळत होते. शेवटी शिदोरीतलं मीठ आठवलं. मायनं भाकरीबरोबर बांधून दिलेली मिठाची पुरचुंडी मी सगळीच्या सगळी त्याच्या पाठीवर पसरली.

गार्ड आला. "काय चाललंय हे? गाडी सुटायची वेळ झाली. बाईमाणसानं उतरा खाली." मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ह्यांनी त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण गार्ड परत आला नाही.

बाबांनी वासराला उचलून गायीच्या तोंडापुढे ठेवलं. ती मागे सरली. फुर्र केलं. मग मान लांब केली.  तिनं पाठीवरचं मीठ एकदा चाटलं. थांबली. पुन्हा चाटलं. मग शेपटीखाली हुंगलं, आणि तिच्या गळ्यातून तो बारीक, आतल्या आत घुमणारा आवाज आला, जो गाय फक्त स्वतःच्या वासराशी बोलताना काढते. त्यानंतर ती जी चाटत सुटली, की वासरू तिच्या जिभेच्या जोरानं हलायला लागलं.

"बोलली," बाबा म्हणाले. "बोलली वो!"

वासराला उभं राहता येत नव्हतं. बाबांनी पोटाखाली हात घालून त्याला उचललं, मी सड त्याच्या तोंडात दिला आणि दोन बोटांनी दाबला. ओठांवरून दूध ओघळलं. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा त्यानं गिळलं. मग एक ढुसणी मारली, अगदी हलकी. आणि गायीची कास एकदम सैल झाली. चारही सडांना दूध उतरलं. पान्हा फुटला.

आता आमच्याकडची रीत अशी की पान्हा फुटला की वासराला ओढायचं. चार घोट झाले, की मानेला धरून बाजूला बांधायचं, माणसांपुरतं दूध काढायचं आणि उरलेलं त्याला द्यायचं. बाबांचा हात सवयीनं वासराच्या मानेकडे गेला. पोरगी वाकळेवर रडून रडून निळी पडायला आली होती.

"ओढू नका," मी म्हटलं.

"अवं, पोट्टी उपाशी हाय तुही."

"असू द्या. त्याले पिऊ द्या पयले."

बाबा म्हणाले, "येडी झाली काय? गाडी हालली तर ते दूधबी नाई भेटाचं."

मी त्यांना म्हटलं की हे मेलं तर उद्यापासून तिला काय पाजू. ते खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं. त्या मुक्या जीवाच्या तोंडातून मला तो सड काढवला नसता. मी माझ्या लेकराचं रडणं ऐकत, दुसऱ्याच्या लेकराचे घोट मोजल्यासारखी तिथं बसून राहिले. आयुष्यात एवढं कठीण मी दुसरं काही केलं नाही. वासराची शेपटी हलायला लागली तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वासराकडचे दोन सड त्याला सोडून बाबांनी पलीकडून दोन सडांचं दूध लोट्यात काढलं. मी ते फेसाळ, कोमट दूध बोंडल्यानं पोरीला पाजलं. ती पहिल्या घोटाला ठसकली, मग गप्प झाली. वाघिणीत एकदम शांत झालं. फक्त दोघांचे घोट ऐकू येत होते.

तेव्हा कुठे मला शेजारच्या वाघिणीतला आवाज ऐकू आला. तिचं दार बंद होतं. आत कोणा व्यापाऱ्याची जनावरं होती, फळ्यांच्या फटीतून वासरांची नाकं दिसत होती. एक, दोन, आणखी मागे. त्यांच्याबरोबर माणूस नव्हता. ह्यांनी बादलीत उरलेलं पाणी फटीतून आत ओतायचा प्रयत्न केला. निम्मं खाली सांडलं, निम्म्यावर आत झोंबाझोंबी झाली. तेवढ्यात फौजेची गाडी धडधडत गेली आणि आमच्या इंजिनानं शिटी दिली. ती वासरं कुठं चालली होती आणि कितीजण पोचली, मला कधीच कळलं नाही. आजही मालगाडी रात्रीची जाताना ऐकली की मी मनात विचारते, त्यांच्याजवळ कोणी आहे का.

मी खाली उतरले नाही. हे बोचक्यांसकट मूर्तिजापुरात राहिले आणि पुढच्या गाडीनं आले. मी पोरीला मांडीवर घेऊन, वासराला दोन्ही पायांत धरून कुटारात बसले. धक्का बसला की बाबा गायीला आणि मी वासराला सावरत होते. बडनेऱ्याच्या अलीकडे ते स्वतःच्या पायांवर उठलं आणि आपणहून कासेला लागलं. संध्याकाळी अमरावतीला दारात सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं सूनबाई, गाय आनली तं आनली, पन अर्धा गोठा आंगाले लावून कायले आनला?"

पोरीचं जावळ काढायला उन्हाळ्यात माय-बाबा अमरावतीला आले. पोरगी गुटगुटीत झाली होती, आणि वासरू अंगणात शेपटी वर करून सगळ्यांच्या पायात पायात करत होतं. जावळ झाल्याबरोबर मायनं तिच्या चकचकीत डोक्याला वेखंड फासलं. मग उरलेली वाटी घेऊन ती वासराकडे निघाली. बाबा लगबगीनं उठले आणि त्यांनी हळूच ती वाटी तिच्या हातातून घेतली. "आता मोठं झालं ते," ते म्हणाले. "आता नाई लागत त्याले."

माय हसली आणि सासूबाईंजवळ येऊन बसली. "इहीनबाई, पयल्या खेपेले माह्याकून राहून गेलं होतं," ती म्हणाली. "या खेपेले मी नाई राहू देलं. पोरीलेबी लावलं अन् वासरालेबी लावलं. म्हनून दोघंबी धडधाकट पोचले."

मी तोंड उघडलं होतं. मनात येईल ते बोलून टाकायची मला खोडच आहे. पण बाबा माझ्या आधी बोलले. त्या दिवशी मूर्तिजापूरला खडीवर उकिडवे बसलेले, वासरू वाचत नाही म्हणून डोक्याला हात लावलेले बाबा. वाटी मागे धरून ते म्हणाले, "हो. वेखंडानंच तारलं."

"मंग," माय म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, वेखंडानंच."

त्यानंतर माय पुष्कळ वर्षं जगली. दरवर्षी पोरीसाठी एक आणि गोठ्यासाठी एक, अशा वेखंडाच्या दोन पुड्या ती पाठवत राहिली. गोठ्याची पुडी मी कधी उघडली नाही. पण "माह्याकून राहून गेलं" हे शब्द पुन्हा तिच्या तोंडून मी कधीच ऐकले नाहीत.